आधी कीर्द, मग खतावणी

आपल्या बोलण्यात ‘झालं’ आणि ‘झालंच समजा’ यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिंपी ‘झालंच समजा’ म्हणाला, की कापडाला अजून कात्री लागलेली नाही हे आपण ओळखतो. कंत्राटदार म्हणाला, तर वास्तुशांतीची तारीख पाहुण्यांना कळवत नाही. पण ज्या यंत्रांच्या ‘झालं’वर विसंबून आपण दिवसभर पैसे पाठवतो, तिकिटं काढतो, बिलं भरतो, त्यांच्या त्या ‘झालं’मागे नेमकं काय झालेलं असतं, हे कुणी विचारत नाही. मी विचारतो, कारण माझं पोट त्यावर आहे. पोस्टग्रेएसक्यूएल, लाडाने पोस्टग्रेस, या डेटाबेस सर्व्हरच्या देखभालीत माझी पंधरा वर्षं गेली. जलद ठेवा, सुरक्षित ठेवा, भरवशाचा ठेवा, अशी तिहेरी फर्माइश प्रत्येक मालकाची असते. ती पुरवता पुरवता मला या रचनेची चटक लागली. तिच्यातल्या एका शब्दाचं हे रसग्रहण. शब्द आहे ‘कमिट’.

प्रसंग साधाच घेऊ. पतसंस्थेतल्या एका खात्यातून पाचशे रुपये काढून दुसऱ्यात टाकायचे आहेत. सर्व्हरला चार ओळी जातात. पहिली ‘बिगिन’. दुसरी, या खात्याची शिल्लक पाचशेने कमी कर. तिसरी, त्या खात्याची पाचशेने वाढव. चौथी, ‘कमिट’. या चौथ्या ओळीला सर्व्हर तोच शब्द परत करतो: ‘कमिट’. म्हणजे झालं. ओळ पोचणं आणि उत्तर निघणं यांत चांगल्या डिस्कवर एखाद-दोन मिलिसेकंदच जातात. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. सगळी गंमत त्या फटीत आहे.

पोस्टग्रेस माहिती आठ-आठ किलोबाइटच्या पानांवर ठेवतो. आपल्या दोन खात्यांची दोन पानं तो डिस्कवरून मेमरीत आणतो आणि मेमरीतच बदलतो. डिस्कवर अजून जुनीच पानं आहेत. आता ‘कमिट’ आलं. सरळमार्गी माणूस काय करील? दोन्ही पानं डिस्कवर उतरवील आणि मग ‘झालं’ म्हणेल. पोस्टग्रेस पानांना हातच लावत नाही. तो एक वेगळी वही काढतो, तिच्या शेवटी ‘अमक्या पानावर अमका बदल’ अशा दोन-तीन आखूड नोंदी करतो, ती वही डिस्कवर खरोखर उमटली अशी ऑपरेटिंग सिस्टिमकडून कबुली घेतो, आणि तेवढ्यावर ‘झालं’ म्हणतो. बदललेली पानं मागाहून, सवडीने डिस्कवर जातात. त्या फेरीला चेकपॉइंट म्हणतात. मूळ सेटिंगमध्ये ती दर पाच मिनिटांनी होते.

या वहीचं नाव ‘राइट-अहेड लॉग’, बोलण्यात ‘वॉल’. मराठीत तिला नवं नाव शोधायला नको, आपल्या पेढ्यांवर ते होतंच: कीर्द. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत, आला त्या क्रमाने, एकाखाली एक. मग खतावणीत, ज्याचं त्याच्या खात्यावर. खतावणी पाहायला सोयीची, पण भरायला किचकट. या पानावरून त्या पानावर उड्या माराव्या लागतात. कीर्द भरायला सोपी. काल जिथे लेखणी थांबली तिथून पुढे. आणि मुख्य म्हणजे खतावणी नासली तर कीर्दीवरून पुन्हा उतरवता येते.

मायकेल स्टोनब्रेकर यांनी बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये पोस्टग्रेसचं काम सुरू केलं, पण ही कीर्द त्यात आली २००१ सालच्या ७.१ या आवृत्तीत. तोवर कमिटच्या वेळी बदललेली पानंच डिस्कवर ढकलावी लागत. म्हणजे भरवसा वाढवण्यासाठी आणलेल्या वहीने वेगही वाढवला. चार ठिकाणी उड्या मारून चार पानं लिहिण्यापेक्षा एका जागी दोन ओळी लिहिणं केव्हाही स्वस्त. एरवी सावधगिरी म्हणजे उशीर, अशीच आपली समजूत असते. इथे सावध माणूसच आधी घरी पोचतो.

मला यात उत्तम श्लेषाची लज्जत येते. शब्द एक, अर्थ अनेक, आणि कुठलाही ओढूनताणून आणलेला नाही. वीज गेली तर उठून कीर्द वाचायची आणि पानं पुन्हा भरायची, हा पहिला अर्थ. वेग हा दुसरा. तिसरा अर्थ २०१० सालच्या ९.० आवृत्तीत उलगडला: कीर्दीच्या नोंदी जशा लिहिल्या जातात तशाच दुसऱ्या मशीनकडे वाहत्या केल्या, की तिथे हुबेहूब दुसरी खतावणी तयार होत राहते. यालाच रिप्लिका म्हणतात. आणि चौथा: डेटाबेसची रविवारची पूर्ण प्रत आणि तेव्हापासूनच्या कीर्दीचे सोळा-सोळा मेगाबाइटचे तुकडे जपून ठेवले असतील, तर ‘बुधवारी दुपारी २ वाजून १७ मिनिटांपर्यंतच उतरव’ असं सांगता येतं. २ वाजून १८ मिनिटांनी कुणीतरी कुठल्या ओळी ते सांगणारं ‘व्हेअर’ लिहायला विसरून अख्खं टेबल पुसलेलं असतं, म्हणून.

या कीर्दीच्या फोल्डरचं नाव पूर्वी ‘पीजी_एक्सलॉग’ होतं. डिस्क भरली की कुणीतरी घाईत शिरायचं, ‘लॉग’ म्हणजे जुन्या निरुपयोगी नोंदी असं धरून फोल्डर रिकामं करायचं, आणि डेटाबेस गतप्राण व्हायचा. २०१७ मध्ये १० व्या आवृत्तीत ते नाव बदलून ‘पीजी_वॉल’ केलं. एका शब्दाने झालेला घात दुसऱ्या शब्दाने टाळला. समीक्षकांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

आणखी एक बारकावा. आठ किलोबाइटचं पान डिस्क एका घासात लिहीलच असं नाही. तिचा घास बहुधा त्याहून लहान असतो. वीज नेमकी मध्येच गेली, तर वरचं अर्धं पान नवं आणि खालचं अर्धं जुनं, अशी धेडगुजरी अवस्था होते. अशा फाटक्या पानावर ‘अमुक बदल कर’ ही नोंद लावून उपयोग नाही, कारण ज्यावर लावायची तेच धड नाही. म्हणून प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला, की पोस्टग्रेस त्या पानाची पूर्ण नक्कलच कीर्दीत उतरवतो. कीर्द फुगते, पण फाटलेल्या पानाच्या जागी अख्खं पान ठेवता येतं. कशाकशावर विसंबायचं नाही, याची किती खोल यादी कुणीतरी करून ठेवली आहे, हे इथे कळतं.

कीर्द लिहिणाऱ्या माणसाला खाडाखोड वर्ज्य. पोस्टग्रेसलाही. खात्याची शिल्लक बदलली म्हणजे जुनी ओळ खोडली असं होत नाही. शेजारी नवी ओळ येते आणि जुनीवर ‘अमक्या व्यवहारापासून ही कालबाह्य’ असा न दिसणारा शिक्का बसतो. त्यामुळे कुणी मोठा अहवाल काढत बसला असेल, तर त्याला त्याने सुरुवात केली त्या क्षणीचं चित्र शेवटपर्यंत दिसत राहतं. लिहिणारा वाचणाऱ्यासाठी थांबत नाही, वाचणारा लिहिणाऱ्यासाठी. आणि व्यवहार अर्ध्यात मोडला, तर पुसायलाही काही नसतं. जुनी ओळ जागच्या जागी असतेच. आयबीएममध्ये सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ ही जी गाजलेली पुनर्प्राप्तीची पद्धत मांडली, तिच्यात ‘पुन्हा कर’ आणि ‘केलेलं उलटव’ अशी दोन्ही कामं आहेत. पोस्टग्रेसचं पहिल्यावरच भागतं.

पण दोष दाखवला नाही तर रसग्रहणाची स्तुती होते. कालबाह्य ओळींचा गाळ साचतो. तो काढणाऱ्या कामाला ‘व्हॅक्यूम’ म्हणतात, आणि ते आपोआप होतं असं सगळे गृहीत धरतात. होतं, पण कधी? मूळ सेटिंगप्रमाणे टेबलाचा साधारण पाचवा हिस्सा गाळ झाला की. चाळीस लाख ओळींच्या टेबलात आठ लाख ओळी मरून पडेपर्यंत झाडू हलत नाही. मोठ्या टेबलांसाठी हा आकडा खाली आणणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. त्यातून कुणी एकच चित्र शेवटपर्यंत धरून ठेवणारा व्यवहार ‘बिगिन’ म्हणून उघडला, काहीतरी वाचलं आणि चहाला गेला, तर तो परतेपर्यंत त्याच्या नंतर मेलेल्या ओळीही उचलता येत नाहीत. न जाणो, त्या त्याला पाहायच्या असतील. चहावाल्याच्या टपरीमुळे सर्व्हर संथ झाल्याची तक्रार मी एकाहून अधिक वेळा सोडवली आहे. बदललेल्या ओळीसाठी इंडेक्सांत, म्हणजे शोधायच्या सूचींतही, पुन्हा लिहावं लागतं, या कारणावर बोट ठेवून उबरने पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलचा रस्ता धरल्याचं २०१६ मध्ये जाहीर केलं. तक्रार खोटी नव्हती. खाडाखोड न करण्याची ही किंमत आहे आणि ती रोज मोजावी लागते.

आता वेगाकडे, म्हणजे माझ्या आवडत्या पानाकडे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, त्याचा एक गाभा असा की माणसाने काय हवं ते सांगावं. कुठल्या वाटेने आणायचं ते यंत्राने ठरवावं. म्हणून डेटाबेसला विचारायच्या भाषेतली, एसक्यूएलमधली क्वेरी मला संस्कृत श्लोकासारखी वाटते. शब्द एका क्रमाने येतात, अर्थ दुसऱ्या क्रमाने लागतो. अन्वय लावल्याशिवाय कळत नाही. क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ लिहिलं, की पोस्टग्रेस आपला अन्वय उघड करतो. त्याला प्लॅन म्हणतात, आणि तो वाचायचा आतून बाहेर: सर्वांत उजवीकडे सरकलेली ओळ आधी घडते, डावीकडची नंतर.

समजा क्वेरी अशी आहे: खाते क्रमांक ४०१७ चे शेवटचे वीस व्यवहार दाखव. टेबल चाळीस लाख ओळींचं. पहिला प्लॅन सांगतो: सिक्वेन्शियल स्कॅन. म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी वही चाळली. त्याखाली एक कबुली असते, ‘गाळणीत वगळलेल्या ओळी’, आणि पुढे जवळजवळ चाळीस लाखाचा आकडा. मला प्लॅनमधली ही सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. वीस दाणे मिळवण्यासाठी किती कोंडा पाखडला, ते न लाजता सांगते. मग त्यावर एक सॉर्ट, आणि त्यावर ‘वीसच द्या’.

आता खाते क्रमांक आणि तारीख अशा दोन रकान्यांवर मिळून एक इंडेक्स करा. इंडेक्स म्हणजे झाड. मूळ, मधली पातळी आणि शेवटी पानं. वहीचं पान आणि झाडाचं पान यांना मराठीत एकच शब्द आहे, हे इथे फार उपयोगी पडतं, कारण इथे ते एकच असतं. एकेका पानावर शेकड्यांनी नोंदी मावतात, म्हणून चाळीस लाखांसाठी तीन पायऱ्या पुरतात. नवा प्लॅन दोनच ओळींचा असतो: वीसच द्या, आणि त्याच्या आत ‘इंडेक्स स्कॅन, उलट दिशेने’. ४०१७ च्या शेवटच्या तारखेवर उतरायचं आणि मागे मागे वीस पावलं टाकायची. सॉर्ट गायब झाली, कारण इंडेक्समध्ये तारखा आधीच ओळीने उभ्या आहेत. पण रकान्यांचा क्रम उलटा करून बघा, तारीख आधी आणि खातं मागे, की ही जादू उडून जाते. आडनावाने लावलेल्या मतदार यादीत नुसत्या पहिल्या नावावरून माणूस शोधावा, तसं होतं.

प्लॅनच्या प्रत्येक ओळीत दोन आकडे शेजारी असतात: किती ओळी येतील असा अंदाज, आणि प्रत्यक्षात किती आल्या. नवशिक्या वेळ बघतो, जाणकार या दोन आकड्यांमधली दरी बघतो. अंदाज येतो कुठून? मूळ सेटिंगमध्ये तीस हजार ओळींच्या नमुन्यावरून. शितावरून भाताची परीक्षा. ती बहुधा बरोबर ठरते. पण ‘तालुका मालवण आणि जिल्हा सिंधुदुर्ग’ अशी अट घाला. मालवणच्या ओळी शंभरात एक आणि सिंधुदुर्गच्या विसात एक असतील, तर पोस्टग्रेस दोन्हींचा गुणाकार करून दोन हजारांत एक असा हिशेब मांडतो, आणि चाळीस लाखांतून दोन हजार ओळींची वाट पाहतो. येतात चाळीस हजार. मालवण सिंधुदुर्गातच आहे, हे शाळकरी पोराला ठाऊक असलेलं त्याला ठाऊक नसतं. १० व्या आवृत्तीपासून ‘हे दोन रकाने एकमेकांत गुंतलेले आहेत’ असं त्याला सांगून ठेवता येतं. सर्व्हर जलद ठेवणं म्हणजे महागडी मशीन घेणं, असं समजणाऱ्यांना मी हे मालवण दाखवतो.

सुरक्षेतही हाच संशयी स्वभाव. लिनक्सवर सर्वाधिकारी ‘रूट’ म्हणून पोस्टग्रेस सुरू करायला जा, तो सरळ नकार देतो. एवढे अधिकार मला नकोत, उद्या मी फुटलो तर घर जाईल, असं स्वतः म्हणणारा कारभारी विरळा. कोऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये तो बाहेरच्या नेटवर्कची हाक ऐकतच नाही, फक्त त्याच मशीनवरची ऐकतो. कुणाला कुठून कसं आत घ्यायचं, याची एक साधी फाइल असते. ती वरून खाली वाचली जाते, लागू पडलेली पहिली ओळ अंतिम, आणि एकही लागू पडली नाही तर दार बंद. म्हणून घाईच्या दिवशी कुणी वरच्या बाजूला ‘ट्रस्ट’, म्हणजे पासवर्ड न विचारता आत घ्या, ही एक ओळ टाकली, की खालच्या साऱ्या कडक ओळी शोभेच्या उरतात. अशा फाइली मी कथेसारख्या वाचतो. कुठल्या दिवशी कोण घाबरलं होतं, ते कळतं.

आणि मग डिसोझा. गोव्यात आणि वसईत हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर वर एक टिंब-शेपटी येते. एसक्यूएलमध्ये तीच खूण मजकूर संपल्याची खूण आहे. वापरणाऱ्याने भरलेलं नाव क्वेरीच्या वाक्यात तसंच चिकटवणारा प्रोग्राम पहिल्या डिसोझाला अडखळतो. अर्ज भरता न आलेल्या त्या बिचाऱ्याची तक्रार ही खरं तर दरोड्याची पूर्वसूचना असते, कारण जिथे नाव मजकुरातून निसटतं, तिथे उद्या कुणीतरी नावाऐवजी हुकूम लिहील. उपाय जुना आहे आणि सोपा आहे: वाक्य वेगळं पाठवा, मूल्यं वेगळी. वाक्याचा अन्वय आधी लागतो, मग रिकाम्या जागी डिसोझा येऊन बसतात, शेपटीसकट. प्रोग्रामच्या खात्याला टेबल पाडण्याचा अधिकार मुळातच दिला नसेल, तर उत्तमच.

भरवशाच्या बाबतीत मात्र सर्व्हरपेक्षा माणसंच ‘झालंच समजा’ म्हणतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या एका थकलेल्या अभियंत्याने रिप्लिकावर द्यायचा पुसण्याचा हुकूम मुख्य डेटाबेसवर दिला. शोधाशोध सुरू झाली तेव्हा नेहमीचे बॅकअप जागेवरच नव्हते. बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा, सर्व्हर ९.६ चा, आणि तो रोज मुकाट्याने फसत होता. दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी साधारण सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीवर निभावलं. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहिलं, हा तिचा मोठेपणा. ते वाचल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी बॅकअपमधून एक नवा सर्व्हर उभा करतो आणि त्यातली शिल्लक जुन्याशी ताडून पाहतो. बॅकअप घेतला याला माझ्या लेखी काही किंमत नाही. परत उतरला, याला आहे. रिप्लिकाही बॅकअपच्या बदली चालत नाही. पुसण्याचा हुकूम ती इमानेइतबारे पुन्हा गिरवते.

आणि एकदा खुद्द पोस्टग्रेसचंच ‘झालं’ कच्चं निघालं. वर म्हटलं की वही किंवा पानं डिस्कवर उमटल्याची कबुली तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो. त्या मागणीला ‘एफसिंक’ म्हणतात. २०१८ मध्ये असं ध्यानात आलं की लिहिताना डिस्क चुकली, तर लिनक्स एकदा ‘चुकलं’ म्हणतो, आणि पुन्हा विचारलं तर ‘ठीक आहे’ म्हणतो, जरी ती माहिती डिस्कवर पोचलेलीच नसली तरी. चेकपॉइंटला पोस्टग्रेस वर्षानुवर्षं पुन्हा विचारत होता आणि दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवत होता. दुरुस्ती २०१९ च्या सुरुवातीला आली, आणि ती त्याच्या स्वभावाला शोभणारी आहे: एफसिंक एकदा जरी चुकलं, तरी दुसऱ्यांदा विचारायचं नाही. जागच्या जागी कोसळायचं, आणि उठून कीर्द शेवटच्या चेकपॉइंटपासून वाचायची. खोटं ‘हो’ ऐकण्यापेक्षा पडणं पत्करलं.

‘झालंच समजा’ची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, नाही असं नाही. ‘सिंक्रोनस कमिट’ बंद करा, तो वही उमटायची वाट न पाहता उत्तर देईल. मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या सहाशे मिलिसेकंदांपर्यंतचं ‘झालं’ तेवढं धोक्यात राहील. कोण किती वेळा पानावर आलं अशा मोजणीसाठी ते पुष्कळ आहे. पाचशे रुपयांसाठी नाही. पण निवड आपली असते, आणि ती नाव घेऊन करावी लागते.

परवा एका गावच्या सर्व्हरखोलीत इन्व्हर्टरने मान टाकली. वीज आल्यावर मशीन उठलं, आणि मी त्याच्या नोंदी उघडल्या. पहिली ओळ: डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, पुनर्प्राप्ती चालू आहे. दुसरी: अमक्या जागेपासून कीर्द वाचायला घेतली. तिसरी: अमक्या जागी कीर्द संपली. चौथी: जोडण्या घ्यायला तयार. मध्ये चार सेकंदं गेली होती. वीज गेली त्या क्षणी काउंटरवर दोन पावत्या चालू होत्या. एकीला ‘झालं’ असं उत्तर गेलं होतं. ती खात्यावर होती. दुसरीला गेलं नव्हतं, ती नव्हती. कारकुनाने ती पुन्हा भरली.